शालेय आरोग्य तपासणी (भारत)

शालेय आरोग्य तपासणी म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलामुलींची, ती आजारी नसताना, ठरावीक कालांतराने शाळेतच केली जाणारी वैद्यकीय पाहणी होय. आजार, व्यंग, पोषणातील उणीव किंवा वाढीतील विलंब यांची चाहूल लवकर लागावी आणि वेळेवर उपचार व्हावेत, हा तिचा हेतू असतो. दृष्टी, श्रवण, दात, त्वचा, हृदय, उंची, वजन व रक्तक्षय ही तपासणीची प्रमुख अंगे होत. लसींच्या वर्धक मात्रा, जंतनाशक व लोहयुक्त गोळ्यांचे वाटप आणि आरोग्यशिक्षण यांची तिला जोड दिली जाते.

बालआरोग्याच्या व्यवस्थेत या तपासणीला एक वेगळे स्थान आहे. पाच वर्षांपर्यंतचे मूल लस टोचून घेण्याच्या किंवा वजन करण्याच्या निमित्ताने अंगणवाडीत आणि आरोग्य उपकेंद्रात वरचेवर येत असते. ते थांबले, की पुढची दहा-बारा वर्षे निरोगी दिसणाऱ्या मुलाचा आरोग्यसेवेशी नियमित संबंध उरत नाही; ते दवाखान्यात जाते ते ताप आल्यावर किंवा हात मोडल्यावर. या मधल्या काळात त्याच्यावर नजर ठेवू शकणारी जागा म्हणजे शाळा.

इतिहास

शाळेतील मुलांच्या तपासणीचा कायदा इंग्लंडमध्ये १९०७ साली झाला. बोअर युद्धाच्या (१८९९–१९०२) वेळी सैन्यात भरती होऊ पाहणाऱ्या तरुणांपैकी पुष्कळजण शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरले होते आणि त्याची कारणे त्यांच्या बालपणात असल्याचे लक्षात आले होते. भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदा शहरात झाली. सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. मूल शाळेत पाठवण्याची सक्ती राज्यसंस्थेने केली, की शाळेत आलेल्या मुलाच्या प्रकृतीचा प्रश्नही तिच्या दारी येतो.

पुढील अर्धशतकात मात्र बडोद्याचे अनुकरण फारसे झाले नाही. भोर समितीने १९४६ च्या अहवालात भारतातील शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही, आणि जेथे आहे तेथे ती अविकसित आहे, असा निष्कर्ष नोंदवला. माध्यमिक शिक्षणाचा विचार करणाऱ्या १९५३ च्या समितीने वैद्यकीय तपासणी व शालेय आहार यांवर भर दिला. रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली १९६० मध्ये शालेय आरोग्य समिती नेमण्यात आली व तिने पुढील वर्षी अहवाल दिला. निरनिराळ्या राज्यांत त्यानंतर तपासणी मोहिमा होत राहिल्या. त्यांत सातत्य नव्हते.

सध्याच्या व्यवस्थेचा कणा असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रात पालघर येथे सुरू झाला. (पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला.) १० ते १९ वर्षे वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये आणि शाळांमधील आरोग्यशिक्षणाचा कार्यक्रम आयुष्मान भारत योजनेखाली फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू करण्यात आला. या शेवटच्या कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक शिक्षक व एक शिक्षिका यांना, आरोग्यविषयक प्रशिक्षण देण्याची योजना आहे.

तपासणीची रचना

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तालुका पातळीवर फिरती पथके नेमलेली असतात. एका पथकात आयुष शाखेचे दोन डॉक्टर (एक पुरुष व एक स्त्री), एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असतात. पथकाने अंगणवाडीतील बालके वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुले वर्षातून एकदा तपासावीत, असा नियम आहे. जन्मतः असलेली व्यंगे, पोषणातील उणिवा, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांत मूळ आराखड्यातील ३० स्थितींची विभागणी केलेली आहे. त्यांत दुभंगलेला ओठ, जन्मजात हृदयदोष व जन्मजात मोतीबिंदू येतात, तसेच मुडदूस, कान वाहणे, दातांची कीड, अपस्मार, बहिरेपणा व अध्ययन अक्षमताही येतात.

पथक स्वतः फारसे उपचार करत नाही. खरूज, किरकोळ जखम, जंत यांवर जागच्या जागी औषध दिले जाते. बाकीच्या मुलांना चिठ्ठी देऊन प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. यालाच संदर्भसेवा म्हणतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेसारखे खर्चिक उपचारही या कार्यक्रमाखाली विनामूल्य होऊ शकतात.

दृष्टी

शाळेतील साऱ्या तपासण्यांमध्ये सर्वांत कमी खर्चाची आणि बहुधा सर्वांत फलदायी तपासणी डोळ्यांची आहे. जन्मापासून अंधुक दिसणाऱ्या मुलाला आपल्याला अंधुक दिसते हे कळत नाही, कारण तुलना करायला त्याच्यापाशी दुसरी नजर नसते. फळा दिसत नसला तर ते शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेते, पुढे सरकून बसते, किंवा काही काळाने लक्ष देणेच सोडून देते. वर्गात ते ‘ढ’ किंवा ‘खोडकर’ ठरते. मंदबुद्धीचा शिक्का बसलेले मूल चष्मा लागताच नीट वाचू लागले, हा अनुभव अनेक शाळांना आलेला आहे.

तपासणीसाठी स्नेलेन तक्ता वापरतात. सहा मीटर अंतरावरून जी ओळ निकोप डोळ्याला वाचता येते ती वाचल्यास दृष्टी ६/६ मानली जाते. ६/१२ याचा अर्थ असा, की निकोप डोळा जे १२ मीटरवरून वाचतो ते वाचायला या मुलाला ६ मीटरवर यावे लागते. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी चार दिशांना तोंड केलेल्या ‘ई’ या रोमन अक्षराचा तक्ता असतो. मुलाने अक्षराची पाती कोणत्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचे असते.

कृती सोपी असली तरी ती बिघडण्याच्या वाटाही पुष्कळ आहेत. वर्गखोली सहा मीटर लांब नसते आणि अंतर अंदाजाने धरले जाते. प्रकाश तक्त्यावर पडण्याऐवजी मुलाच्या डोळ्यांवर येतो. रांगेतील मुले पुढच्याची उत्तरे ऐकून तक्ता पाठ करतात. झाकलेल्या डोळ्यावर मूल बोटांचा दाब देते, आणि मग त्या डोळ्याची पाळी आली की त्याला खरोखरच धूसर दिसते. किंवा बोटांच्या फटीतून ते खुशाल पाहत असते. म्हणून डोळा तळहाताने किंवा पुठ्ठ्याने झाकावा आणि प्रत्येक डोळा स्वतंत्र तपासावा, असे सांगितले जाते. हे स्वतंत्र तपासणे महत्त्वाचे आहे. एक डोळा उत्तम आणि दुसरा अधू असेल तर मुलाचे काहीच अडत नाही. मात्र मेंदू अधू डोळ्याकडून येणारी प्रतिमा हळूहळू वापरेनासा होतो. यास ‘आळशी डोळा’ म्हणतात. लहान वयात, साधारणतः सात-आठ वर्षांच्या आत, उपचार झाल्यास तो बराच सुधारतो; पुढे सुधारणेची शक्यता कमी होत जाते. त्यामुळे पहिली-दुसरीत चुकलेली तपासणी दहावीत भरून काढता येत नाही.

चष्मा मिळाल्यानेही काम संपत नाही. वर्गातील चिडवाचिडवी, मुलीला चष्मा असल्यास लग्न जमायला अडचण येईल ही पालकांची धास्ती, आणि ‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ हा निराधार समज यांमुळे तो दप्तरात किंवा कपाटात पडून राहतो. सहा महिन्यांनी कोणी विचारले तरच ही गोष्ट उघडकीस येते.

उंची, वजन आणि वाढ

उंची-वजनाची नोंद प्रत्येक शाळेत होते. तिचा उपयोग मात्र दोन नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्यावर होतो. एकाच वेळी घेतलेले वजन मूल आज कोठे आहे एवढेच सांगते. ते वाढते आहे की अडले आहे हे मागच्या वर्षीची नोंद पाहिल्यावाचून समजत नाही. पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये सुधारित वाढ-आलेख प्रसिद्ध केले. त्यांत स्थूलतेच्या सीमारेषा प्रौढांमधील २३ व २७ या शरीरभार निर्देशांकांशी जुळवलेल्या आहेत. पाश्चात्त्य मापांपेक्षा त्या खालच्या आहेत, कारण भारतीयांमध्ये मधुमेह व हृदयविकार तुलनेने कमी वजनालाही जडतात.

कुपोषण आणि स्थूलता ही दोन्ही टोके आज एकाच जिल्ह्यात, कधी एकाच शाळेत आढळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के बालके उंचीच्या मानाने कृश होती. हीच बालके पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. मुलींची झपाट्याने उंची वाढण्याचा काळ साधारणतः दहाव्या-अकराव्या वर्षी येतो, मुलांचा सुमारे दोन वर्षे उशिरा. पाळी सुरू झाल्यानंतर मुलीची उंची थोडीच वाढते. पोटभर व सकस अन्नाची निकड या थोड्या वर्षांत सर्वाधिक असते. घरात मुलीच्या वाट्याला दूध-अंडे कमी येऊ लागते तेही बहुधा याच वयात.

मोजमाप करताना वजनकाटा शून्यावर आहे का, पायांतील चपला काढल्या आहेत का, टाचा भिंतीला टेकल्या आहेत का, अंबाडा उंचीत मोजला जात नाही ना, हे पाहावे लागते. वजनाचे आकडे वर्गासमोर मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. ती बंद व्हायला हवी. आकडा मुलाचा खाजगी असतो, आणि त्यावरून पडलेले टोपणनाव शाळा सुटेपर्यंत पुसले जात नाही.

रक्तक्षय, जंत आणि सिकलसेल

वरील सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते १९ वर्षे वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत (२०१५–१६) हे प्रमाण ५४.१ टक्के होते. त्याच वयाच्या मुलांमध्ये ते ३१.१ टक्के होते. रक्तक्षयाला वेदना नसते. धाप लागणे, लवकर दमणे, अभ्यासात लक्ष न लागणे ही लक्षणे आळस म्हणून सोडून दिली जातात.

शाळांमधून पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांना निळी लोहयुक्त गोळी आठवड्यातून एकदा दिली जाते. २०१८ च्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ धोरणानुसार गुलाबी गोळीत ४५ मिलिग्रॅम आणि निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह, तसेच फॉलिक आम्ल असते. गोळी जेवणानंतर, शिक्षकांसमोर घ्यायची असते. उपाशीपोटी घेतल्यास मळमळते. शौचास काळे होते, त्याने घाबरण्याचे कारण नाही. हे आधी सांगितलेले नसेल तर एका मुलीला उलटी होताच सारा वर्ग घाबरतो, पालक शाळेच्या फाटकाशी जमतात, आणि त्या गावात गोळी पुन्हा रुजवायला फार वेळ लागतो. गोळीबरोबर चहा टाळावा, लिंबू किंवा आवळा घ्यावा. त्याने लोहाचे शोषण सुधारते.

जंतनाशक मोहीम २०१५ पासून राष्ट्रीय पातळीवर राबवली जाते. १ ते १९ वर्षांच्या मुलांना ॲल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी (दोन वर्षांखालील बालकांना अर्धी) देण्यात येते. पायांतून शिरणारे हूकवर्म आतड्यात रक्त शोषतात, म्हणून ही मोहीम रक्तक्षयाशी जोडलेली आहे. शौचालय व पादत्राणे नसल्यास जंत पुन्हा होतात आणि गोळी दर सहामाहीस द्यावी लागते.

विदर्भ आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत फिकटपणाचे कारण लोहाची कमतरता नसून सिकलसेल हा आनुवंशिक विकार असू शकतो. केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू केले. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर आधी सोपी चाचणी करतात व संशय आल्यास प्रयोगशाळेत निदान पक्के करतात. आश्रमशाळांमध्ये हे काम तुलनेने सोयीचे आहे, कारण मुले तेथेच राहतात. वाहक असलेले मूल आजारी नसते, ही गोष्ट मुलाला व पालकांना समजावून न सांगितल्यास तपासणीचे कार्ड कलंकपत्र होऊन बसते.

हृदय, दात, कान

घशाच्या साध्या वाटणाऱ्या एका जिवाणूजन्य आजारानंतर काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो. पाच ते पंधरा वर्षांच्या वयात येणारा हा ताप सांधे दुखवून जातो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवू शकतो. स्टेथोस्कोपने ऐकू येणारा वेगळा ध्वनी ही त्याची पहिली खूण ठरते. निदान झाल्यास दर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घेऊन पुढचे नुकसान टाळता येते. गोंगाटाच्या वर्गात हा ध्वनी ऐकू येत नाही, आणि तासाभरात सारी शाळा उरकणाऱ्या पथकाकडून तो सुटतो.

दातांची कीड सर्वत्र आढळते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. ते घासून जात नाहीत, कारण ते कूपनलिकेच्या पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे दात घडतानाच पडलेले असतात. अशा वेळी मुलाच्या तोंडातील खूण ही गावाच्या पाण्याची तपासणी असते. वाहता कान मात्र प्रत्येक मुलाचा स्वतंत्र प्रश्न आहे. दुर्लक्ष झाल्यास श्रवणशक्ती घटते.

लसी

शालेय वयात लसींचे काम संपलेले असते, हा समज चुकीचा आहे. घटसर्प व धनुर्वाताविरुद्धची प्रतिकारशक्ती काळाबरोबर ओसरते. त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या वयात त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा आणि पुढे १० व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्प लस देण्याची तरतूद राष्ट्रीय वेळापत्रकात आहे. तान्ह्या मुलांच्या मात्रांपेक्षा या मात्रा अधिक चुकतात, आणि घटसर्पाचे रुग्ण आता मोठ्या वयाच्या मुलांमध्येही आढळतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत विषाणूविरुद्धची लस ९ ते १४ वर्षांच्या मुलींना द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

किशोरवय

बारा-तेरा वर्षांनंतर तपासणीचे स्वरूप बदलते. या वयातील मुख्य धोके तक्त्यावर किंवा काट्यावर दिसत नाहीत: तंबाखू, मद्य, खिन्नता, आत्महत्येचे विचार, लैंगिक छळ, अल्पवयात लग्न. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वर्षांचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचा वापर करत असल्याचे आढळले. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे.

महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांतून ‘मैत्री’ क्लिनिक चालवली जातात. तेथे मुले येण्याची पूर्वअट गोपनीयता ही आहे. रांगेत उभ्या मुलीला सर्वांसमोर पाळीविषयी विचारल्यास ती ‘काही त्रास नाही’ असेच उत्तर देते. स्त्री डॉक्टर, वेगळी खोली आणि घाई नसलेली पाच मिनिटे मिळाली तर उत्तर बदलते. दुसऱ्या बाजूला, २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक केले आहे. मुलांच्या संरक्षणासाठी हे आवश्यक होते. तथापि आपापसांतील संबंधांबाबत सल्ला मागणारी सोळा-सतरा वर्षांची मुले त्यामुळे दवाखान्यापासून दूर राहतात, अशी अडचण या क्षेत्रात काम करणारे मांडतात. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा टेलि-मानस दूरध्वनी २०२२ पासून, आणि संकटातील मुलांसाठी १०९८ ही सेवा उपलब्ध आहे.

मर्यादा

विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी-तपासणीचे निकष मांडले. आजार महत्त्वाचा असावा, चाचणी लोकांना मान्य होणारी असावी, आणि निदान झालेल्यांसाठी उपचार उपलब्ध असावेत, हे त्यांतील प्रमुख होत. शालेय तपासणी बहुधा तिसऱ्या निकषावर अडते. ‘तपासलेली मुले’ हा आकडा अहवालात सहज मिळतो; ‘रुग्णालयात पोहोचलेली मुले’ आणि ‘बरी झालेली मुले’ हे आकडे मिळवायला कष्ट पडतात. चिठ्ठी दप्तरात फाटते. तालुक्याला जायचे तर आईची किंवा वडिलांची एका दिवसाची मजुरी बुडते, आणि तेथे गेल्यावर संबंधित डॉक्टर अमुक वारीच येतात असे कळते. चौथीनंतर मूल दुसऱ्या शाळेत जाते, त्याची आरोग्य पत्रिका जुन्या शाळेच्या कपाटात राहते, आणि पुढच्या वर्षी तोच दोष नव्याने ‘आढळतो’. पथक गावात असताना पालकांना बोलावून घेणे, एकाच गावातील मुलांना ठरलेल्या दिवशी एकत्र नेणे, आणि चिठ्ठी मिळालेल्या मुलांची नावे एका शिक्षकाने वहीत ठेवून महिन्याने विचारणे, या साध्या उपायांचा उपयोग होतो.

दुसरी मर्यादा मूळ आराखड्यातच आहे. सहा वर्षांवरील मुलांपैकी सरकारी व अनुदानित शाळांतील विद्यार्थी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या कक्षेत येतात. विनाअनुदानित शाळांत तपासणी होते की नाही हे त्या-त्या संस्थेवर अवलंबून राहते. शाळेबाहेरच्या मुलांपर्यंत, म्हणजे ज्यांना तिची गरज सर्वाधिक असते त्यांच्यापर्यंत, ती पोहोचतच नाही. महाराष्ट्रात ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास बाहेर पडणाऱ्या कुटुंबांतील मुले उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कारखान्याच्या परिसरातील फडावर असतात. वीटभट्ट्यांवरील मुलांचेही तसेच. पथक गावच्या शाळेत येते तेव्हा हजेरीपटावर त्यांचे नाव असते आणि त्यापुढे ‘गैरहजर’ असा शेरा पडतो.